टाक्यांवर उशी

परभणी. सरकारी दवाखाना, वॉर्ड पाच, दुपारचे चार.
कूलर फिरतोय, पाणी संपलेलं.
खाट अकरा : प्रयागबाई, मुक्काम मानवत.
पोट उघडून परत शिवल्याला आज तिसरा दिवस.
केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलंय, छातीचा व्यायाम.
म्हणजे मी.

मी म्हणते, मावशी, खोकायचं.
ती पदर तोंडाशी नेते.
"खोकला न्हाय मला. बरी हाये मी."
आणि तिच्या छातीत आधण आल्यासारखं खळखळतंय,
नळी न लावताही खाट बाराला ऐकू जाईल इतकं.

बावीस वर्षं जिनिंगमध्ये.
खोकलीस की मुकादम म्हणायचा, घरी जा, उद्या येऊ नको.
म्हणून रेचा चालू असेल तेव्हा खोकायचं,
रेचा थांबला की गिळायचं.
घरी लेकरू झोपलेलं, तर न्हाणीत जाऊन.
आणि त्या आजाराच्या वर्षी एसटीत
सगळ्या माना एकदम वळल्या,
तर कोल्हा पाटीलाच उतरली.
"चालत गेले माय. उन्हाचं."

एक हात छातीवर ठेवा. एक पोटावर, टाक्यांच्या वर.
छातीवरचा झोपू द्या, पोटावरचा उठू द्या.
नाकानं आत. दोन मोजा.
आता ओठांचा चंबू, फुंकणी धरल्यासारखा,
बाहेर चार –
एवढ्या जोरात नाही, मावशी.
जाळ करायचा नाहीय,
निखारा जागा ठेवायचाय फक्त.
खांदे खाली.
चारदा झालं की थांबायचं, गरगरलं तर आधीच.
इथं कुणी हजेरी मांडत नाही.

पुढचं जरा अवघड.
तोंड उघडं ठेवून श्वास ढकलायचा, घशातून नाही, खालून.
मी म्हणते, आरशावर वाफ धरतो तशी.
"आरशावर कामून वाफ धरावं?"
चष्मा पुसताना? चष्मा नाही तिला.
मी तिसरं उदाहरण शोधत असते,
तोवर तीच म्हणते,
"गठूडं डोक्यावरून खाली टाकलं की निघतो, तसा का? हः."
तसाच.
अगदी तसाच, मावशी.
चार वर्षांच्या कॉलेजात हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग उशी देते. टाक्यांवर दाबून धरा म्हणते.
ती धरत नाही. शिवण चाचपते,
फाटक्या कोपऱ्यातून चिमूटभर कापूस काढते,
दोन अंगठ्यांत ताणून उजेडाकडे करते.
"नांदेड चव्वेचाळीस न्हाय ह्यो.
झाडलोटीचा हाये. सरकारी उशीत हेच भरतेत."
आणि हसते, आणि हसताना कळ येते,
आणि उशी आपोआप पोटावर जाते.
"हसतानी बी धरावं लागतं का?"
हसताना, शिंकताना, कुशीवर वळताना.
हसताना तर धराच.

पाय जमिनीला टेकवा. थोडं पुढे वाका.
श्वास घ्या. उशी दाबा. आता.
पहिला खोकला चोरासारखा आला,
दरवाज्याकडे बघून परत गेला.
खाट बारावरची जुबेदाबी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली,
"अगे खोक ना जोर से, याँ कौन सो रा है?"

मग खोकली.
कूलरच्या वर, स्ट्रेचरच्या खडखडाटावर,
वॉर्डबॉयनं वळून बघितलं असा.
कपात घट्ट, पिवळट. मी नोंद केली.
ती मात्र वाकून कपात बघत राहिली,
रुई शोधत असावी.

दर तासाला, मावशी. दोनच खोकले, मग आराम.
टाके ओले लागले, ताप आला, थुंकीत लाल दिसलं,
तर सिस्टरला हाक मारा. लाजायचं नाही.
"व्हय," म्हणाली,
आणि उशीचा कोपरा आत खोचून ठेवला
पडू नये म्हणून तेवढा कापूस.

पाचला मी निघाले. जिना अर्धा उतरले,
तेव्हा वरून आला, ओळखीचा : एक.
पायरीवर थांबले. दोन.
बरोबर. आता आराम.

मग तिसरा आला.
तो मी सांगितला नव्हता.